साखर कुणाच्या ताब्यात मोडली?

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या शेतकऱ्याला दुधाची पावती दिवसातून दोनदा मिळते. लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, सगळे तिच्यावर छापलेले असते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागली तर मूळ भाव, कमी पडली तर कपात. दहा लिटर दूध घालणाऱ्यालाही आपल्या दुधाची प्रत त्याच वेळी कळते. तोच शेतकरी वर्ष-दीड वर्ष जपलेला चाळीस टन ऊस कारखान्याला घालतो, तेव्हा त्याच्या हाती येणाऱ्या पावतीवर फक्त वजन असते. त्या उसात साखर किती होती, हे त्याला कुणी सांगत नाही. भाव मात्र साखरेवरच ठरतो. ती साखरही त्याच्या एकट्याच्या उसाची नसते, कारखान्याने हंगामभर गाळलेल्या सगळ्या उसाची सरासरी असते.

हंगाम तोंडावर आला की इंदापूर आणि बारामती तालुक्यांत उसाच्या भावाची चर्चा सुरू होते. पहिली उचल किती, एफआरपी (केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर भाव) एकरकमी की तुकड्याने, काटा खरा की खोटा. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. पण या सगळ्यांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे आणि तो सभेत क्वचितच निघतो: प्रत्येकाच्या उसातली साखर वेगळी मोजून, त्यावर पैसे द्यावेत का? एका बाजूने पाहिले तर यात विचार करण्यासारखे काही नाही, द्यावेतच. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्याच्या हाती सगळ्यात कमी आहे, तोच यात भरडला जाईल अशी रास्त भीती आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे. ते तोलण्याआधी साखर म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागते, कारण वादाचे मर्म तिच्या रेणूतच आहे.

आपण साखर म्हणतो ती सुक्रोज. ती दोन लहान शर्करा जोडून बनते, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. दोघींचे अणू सारखेच: ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. फरक फक्त मांडणीचा. त्या जुळतात तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि १८० अधिक १८० वजा १८ असा ३४२ रेणुभाराचा सुक्रोज तयार होतो. दुधातले लॅक्टोज अशाच जोडीचे, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचे. मोड आलेल्या धान्यातले माल्टोज तर दोन ग्लुकोजचेच. पण लॅक्टोज आणि माल्टोज यांच्यात जोड झाल्यावरही एक क्रियाशील टोक मोकळे राहते. सुक्रोजमध्ये दोन्ही टोके जोडणीतच गुंतून जातात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसते. फेहलिंगच्या निळ्या द्रावणात ग्लुकोज घालून तापवले की तळाला विटकरी साका बसतो. शुद्ध साखर घातली तर द्रावण निळेच राहते. तेच साखरेचे पाणी आधी आम्लाचे थेंब टाकून उकळवा, आम्ल शमवा, मग परीक्षा करा: विटकरी साका येतो. जोड तुटला, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे झाले.

उसाने पानात बनवलेले अन्न कांड्यापर्यंत न्यायला हीच बंद जोडी निवडली आहे. ती वाटेत सहजासहजी कशाशी प्रक्रिया करत नाही. माणसाने साखर कारखाना उभारला तोही याच जोडीवर. पॅनमध्ये रस आटवला की दाणा धरतो तो सुक्रोजचा. मोकळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दाणा धरत नाहीत, ते मोलॅसिसबरोबर निघून जातात. म्हणजे उसात गोडी तेवढीच असली तरी जोड तुटलेला असेल तर पोत्यात साखर कमी भरते. कारखान्याच्या भाषेत उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचा टक्का, घसरतो.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत ही जोडी कशी मोजतात, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. गढूळ रस शिशाच्या क्षाराने निवळून गाळतात, पाण्यासारखा स्वच्छ करून काचेच्या लांब नळीत भरतात आणि नळी पोलरीमीटरमध्ये ठेवतात. एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश त्यातून सोडला की सुक्रोज ते प्रतल उजवीकडे वळवते. जितके वळण, तितकी साखर. हा आकडा म्हणजे पोल. शुद्ध सुक्रोजचे विशिष्ट भ्रमण अधिक ६६.५ अंश असते. जोड तुटला की फ्रुक्टोजचा डावा ओढा ग्लुकोजच्या उजव्या ओढ्यावर मात करतो आणि मिश्रण उणे २० अंशांच्या आसपास जाते. शेतात कारखान्याचा चिटबॉय (उसाच्या नोंदी ठेवणारा कर्मचारी) हातातला रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतो, त्यात फक्त ब्रिक्स दिसते, म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ. जोडलेली साखर आणि तुटलेली साखर यांतला भेद त्या यंत्राला कळत नाही. ब्रिक्स २१ दिसली म्हणून साखर तेवढी भरेल, असे नाही.

आता हा जोड बांधतो कोण? ऊस बांधतो, पण शेतकऱ्याच्या हातून. को ८६०३२ हा वाण लावला की फुले २६५, नत्र वेळेत थांबवले की तोडणीच्या तोंडावरही युरिया टाकला, शेवटचे पाणी कधी तोडले, खोडवा किती वर्षे राखला, यावर कांड्यात सुक्रोज किती साठते हे ठरते. कोवळ्या उसात मोकळी शर्करा जास्त असते. पक्व होत गेला तशी ती जोडीने बांधली जाते आणि बुंध्यातली आणि शेंड्यातली ब्रिक्स जवळ येते. शेंड्याची वरची दोन-तीन कांडी तरीही कच्चीच राहतात. ती मोळीत गेली की वजन वाढते, साखर वाढत नाही.

सध्याची पद्धत या सगळ्याकडे पाहत नाही. केंद्र सरकारने २००९ मध्ये एफआरपी आणली. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरले. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जास्त. ९.५ टक्के किंवा त्याखाली गेला तरी ३२९ रुपये ५ पैसे हा तळ. एक टक्का उतारा म्हणजे टनाला ३४६ रुपये. चाळीस टनांच्या एकराला हा फरक पावणेचौदा हजारांच्या वर जातो. म्हणजे कायद्याने साखरेलाच पैसे मोजले आहेत. मात्र ते कारखान्याच्या सरासरीने मोजले आहेत, शेतकऱ्याच्या उसाने नव्हे.

शेळगावच्या आजूबाजूला भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आहेत, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो हा खासगी आहे. ऊस यांपैकी कुठेही गेला तरी भाव त्या त्या कारखान्याच्या सरासरीचाच लागतो.

साखरेवर पैसे द्यावेत असे म्हणणाऱ्यांची बाजू एका साध्या हिशेबात मांडता येते. समजा, शेजारी-शेजारी दोन एकर आहेत. एका एकरात जास्त वजनाच्या वाणाचा ५० टन ऊस निघाला, उतारा १०.५ टक्के. दुसऱ्यात ४२ टन निघाला, उतारा १२ टक्के. पहिल्यातून सव्वापाच टन साखर, दुसऱ्यातून पाच टन ४० किलो. साखरेतला फरक दोन क्विंटलांचा. टनाला सरसकट ३,५५० रुपये धरले तर पहिल्याला १,७७,५०० रुपये मिळतात, दुसऱ्याला १,४९,१००. तफावत २८,४०० रुपयांची. साखरेच्या किलोवर पैसे दिले असते तर ती साडेसात हजारांच्या आत राहिली असती. शिवाय पहिल्याचा ८ टन जादा ऊस तोडायचा, वाहायचा, गाळायचा खर्च सगळ्यांच्या माथी बसतो. अशा पद्धतीत टनेज वाढवणे हाच शेतकऱ्याचा शहाणपणा ठरतो, आणि तो तसे करतो. त्यात त्याचा काय दोष? कारखाने मग जास्त वजनाच्या फुले २६५ च्या नोंदीला नाके मुरडतात आणि शेतकरी म्हणतो, तुम्ही वजनाला पैसे देता, मी वजन आणतो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असो किंवा पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, वर्षानुवर्षे चांगल्या उताऱ्याच्या वाणांवर काम करत आहेत. पण जो वाण लावल्याने शेतकऱ्याच्या पावतीवर काही फरक पडत नाही, तो शिवारात टिकणार तरी कशाच्या बळावर?

इथपर्यंत युक्तिवाद पटण्यासारखा आहे. आता शेळगावच्या शिवारात उतरून दुसरी बाजू पाहू.

नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात या भागात आला आणि त्याच्यामागून ऊस आला. कालव्याच्या पाण्याने रान भिजले, तसे वर्षानुवर्षांच्या पाण्याने ते खारावलेही. इंदापूर-बारामतीच्या कालव्याकाठी चोपण आणि खारवट पट्टे आहेत. ब्रिटिशांच्या काळापासून त्यांवर अभ्यास झाले, चर काढले गेले, तरी प्रश्न पुरता सुटलेला नाही. अशा रानात ८६०३२ तितका तग धरत नाही. फुले २६५ उभा राहतो, म्हणून तो लावतात. खारवट जमिनीतल्या उसाच्या रसात क्षार जास्त येतात आणि ते साखरेला दाणा धरू देत नाहीत. म्हणजे ज्याचे रान आधीच बिघडले आहे, त्याच्या उसाला साखरही कमी लागणार. तो कालव्याच्या शेपटाला असेल, आवर्तन त्याच्यापर्यंत वेळेवर पोचत नसेल, तर आणखी कमी. सरसकट भाव त्याला सावरून धरतो. सहकाराचा अर्थच हा होता: काळ्या रानाच्या सभासदाने आणि चोपणाच्या सभासदाने एका कारखान्याला ऊस घालायचा आणि एकच भाव घ्यायचा. प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला त्या काळात छोट्या शेतकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्या पैशांतून शेअर घेतले. त्यांचा भाव जमिनीच्या प्रतीवर ठरत नव्हता. हा विचार जुना झाला म्हणून फेकून द्यावा, असे मला वाटत नाही.

त्याहून मोठी अडचण तोडणीच्या तारखेची आहे. ऊस कधी तोडायचा हे शेतकरी ठरवत नाही. नोंद त्याची, तारीख कारखान्याची. एकाचा आडसाली ऊस नोव्हेंबरात जातो, दुसऱ्याचा पूर्वहंगामी जानेवारीत ऐन उताऱ्यावर असताना जातो, तिसऱ्याचा खोडवा टोळी नाही म्हणून मार्चपर्यंत रानात उभा राहतो, तुरा येतो, पोकळ होतो. तिघांच्या उसातली साखर वेगळी लागेल, पण हा फरक त्यांच्या शेतीचा असेलच असे नाही, तो कार्यक्रमाचा असेल. ज्याची चिटबॉयशी ओळख, त्याला सोयीची तारीख मिळाली, अशी तक्रार वजनावर पैसे मिळत असताना आजही होते. साखरेवर पैसे आले तर तारीख म्हणजेच पैसा होईल, आणि तारीख ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळे.

आणि विश्वासाचे काय? वजनकाट्यावर उभे राहून शेतकरी आकडा पाहू शकतो, बाहेरच्या काट्यावर वजन करून ताळा घेऊ शकतो. तरीही काट्याविषयीचा संशय मिटलेला नाही. पोलरीमीटरच्या नळीत त्याने काय पाहायचे? दुधाच्या केंद्रावर फॅटचे यंत्र बरोबर दाखवते का, यावरून भांडणे होतच असतात, आणि तिथे तर नमुना त्याच्या डोळ्यांदेखत घेतला जातो. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, अंगद गाड्या आणि बैलगाड्या मिळून शेकड्यांनी खेपा येतात. प्रत्येक खेपेतून नळा घुसवून नमुना काढायचा, त्याचा रस काढायचा, तपासायचा, तो याच गटनंबरचा आहे याची खात्री ठेवायची. हे अशक्य नाही, पण आज ज्या प्रयोगशाळा तासातासाच्या मिश्र रसाचे नमुने तपासतात, त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तोडणी कामगारांचा मुद्दा या चर्चेत सगळ्यात शेवटी येतो, म्हणून मुद्दाम इथे मांडतो. बीड, अहिल्यानगरकडून आलेली नवरा-बायकोची कोयत्याची जोडी टनावर मजुरी घेते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही बऱ्याच वाटाघाटींनंतर. वाढे बैलांना जातात, उरलेले विकले जातात. शेंडा वर छाटला की वजन वाढते आणि मजुरीही. साखरेवर भाव आला की प्रत्येक शेतकरी शेंडा खाली छाटायला सांगेल, पाचट निपटायला सांगेल, मोळी स्वच्छ मागेल. मागणी रास्त आहे. पण मजुरी वजनावरच राहिली तर जास्त काम आणि कमी टन, दोन्ही त्या जोडीच्या वाट्याला येतील. शेतकऱ्याचा हिशेब बदलायचा तर तोडणीचा दरही त्याच बैठकीत बदलायला हवा.

दोन्ही पारड्यांत एवढे टाकल्यावर पारडे कुठे झुकते? माझ्या मते या वादात एक गोष्ट कुणी नीट मांडलेली नाही, आणि निर्णय तिच्यावर फिरायला हवा. साखरेचा जोड शेतकऱ्याच्या रानात बांधला जातो, पण तो तुटतो बहुतेक दुसऱ्याच्या ताब्यात.

कोयता लागला की उसाला नवी साखर मिळणे थांबते. कांड्यातले इन्व्हर्टेज हे विकर काम करत राहते आणि सुक्रोजच्या जोडीत पाण्याचा रेणू घालून ती सोडवते. तोडलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात, सुक्रोज खातात आणि तिचे डेक्स्ट्रान करतात. हे चिकट द्रव्य रस दाट करते, पॅन अडवते, दाणा लांबट करते. त्याचा आणखी एक डाव आहे: तेही प्रकाश उजवीकडेच वळवते, म्हणून शिळ्या उसाचा पोल खऱ्या साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे सगळे वेगाने होते, जळीत उसात तर फारच. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा, असे सगळे सांगतात. कारखान्याला स्वतःच्या आवारात हे चांगले कळते. उसाचा रस मुळात आंबट, त्याचा सामू साधारण ५.२ ते ५.५. तसाच तापवला तर जोड तुटत जाणार, म्हणून रस निघाल्यावर लगेच चुना घालून त्याचा आंबटपणा मारतात. चुन्याच्या बाबतीत मिनिटांची काळजी घेणारी यंत्रणा फडात पडलेल्या मोळीच्या बाबतीत मात्र दिवसांचा हिशेब ठेवत नाही.

आज तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला तर दोन नुकसाने होतात. तो वाळतो, म्हणून वजन घटते. हे नुकसान थेट त्या शेतकऱ्याचे. आणि साखर तुटते, म्हणून उतारा घटतो. हे नुकसान सरासरीत मिसळून सगळ्या सभासदांच्या अंगावर वाटले जाते. वाहन आले नाही, मुकादमाने टोळी हलवली, कारखाना बंद पडला आणि यार्डात रांग लागली: यातले एकही कारण शेतकऱ्याचे नाही. आता गव्हाणीच्या तोंडाशी नमुना घेऊन साखरेवर पैसे देण्याची पद्धत आणली तर काय होईल? वाळल्याचे नुकसान त्याचेच राहील आणि तुटलेल्या साखरेचेही त्याच्याच नावे पडेल. ज्या बदलाने चांगल्या शेतकऱ्याला न्याय मिळायचा, त्याच बदलाने दुसऱ्याची दिरंगाई त्याच्या पावतीवर छापली जाईल. म्हणून साखरेवर पैसे द्यावेत या तत्त्वाच्या मी बाजूने आहे, पण मोजणी तोडीच्या क्षणाला बांधली जाईपर्यंत त्याच्या अंमलाच्या बाजूने नाही.

प्रत्येकाची साखर मोजून पैसे देणे जगात कुठे झालेच नाही, असे नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे कारखाने फार पूर्वीपासून प्रत्येक उत्पादकाच्या उसातली काढण्याजोगी साखर मोजून पैसे देतात. तिथेही हंगामाच्या सुरुवातीला ज्याची पाळी, त्याचे नुकसान, हा प्रश्न आलाच. त्यावर त्यांनी तुलनेची पद्धत काढली. त्या आठवड्यात कारखान्यात आलेल्या सगळ्या उसाच्या सरासरीशी तुमचा ऊस तोलायचा आणि तो फरक हंगामाच्या सरासरीला लावायचा. म्हणजे नोव्हेंबरच्या उसाची तुलना नोव्हेंबरच्याच उसाशी होते. दक्षिण आफ्रिकेतही याच धर्तीची सोय आहे. तारखेचे पाप शेतकऱ्याच्या माथी न मारण्याचा हा मार्ग आपल्या कार्यक्रमालाही लागू पडण्यासारखा आहे, आणि तो समजायला कठीण नाही.

ब्राझीलचे उदाहरण निराळ्या कारणासाठी मोलाचे आहे. साओ पाउलोत उसाचा भाव एकूण काढता येणाऱ्या शर्करेवर ठरतो. जोडलेली असो वा तुटलेली, दोन्ही मोजतात, कारण तिथला निम्म्याच्या आसपास ऊस इथेनॉलकडे जातो. यीस्टला सुक्रोज सरळ पचत नाही. ते स्वतःच आधी इन्व्हर्टेज सोडून जोड तोडते, मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आंबवते. साखरेच्या पॅनला जे नुकसान, ते डिस्टिलरीला बऱ्याच अंशी नुकसान नाही. आपल्याकडे २०१८ पासून बी-हेवी मोलॅसिस (साखर पुरती काढून न घेतलेली मळी) आणि रस इथेनॉलकडे वळवायला उत्तेजन मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनचे इथेनॉल एकाएकी रोखले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी ते बंधन उठवले. बी-हेवी काढले की साखरेचा उतारा कागदावर घसरतो, म्हणून वळवलेली साखर हिशेबात परत मिळवावी लागते. शेतकऱ्याच्या उसाची प्रत मोजायची तर आधी हे ठरायला हवे: पैसे फक्त जोडलेल्या साखरेला, की सगळ्या शर्करेला? जो कारखाना इथेनॉलमधून कमावतो, त्याने शेतकऱ्याला मात्र सुक्रोजच्या काट्याने तोलावे, हे न्यायाचे नाही. केंद्राच्या समितीने २०१२ मध्ये आणि राज्याच्या २०१३ च्या कायद्याने उत्पन्नातला वाटा देण्याचे तत्त्व मान्य केलेच आहे. मोजमापही त्याच तत्त्वाला धरून असावे.

राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये एक निर्णय काढला होता. ज्या हंगामाचा ऊस, त्याच हंगामाच्या उताऱ्यावर एफआरपी, आणि ती दोन टप्प्यांत. शास्त्र म्हणून पाहिले तर चालू हंगामाचा उतारा मागच्या वर्षीच्या उताऱ्यापेक्षा खरा. पण तो हंगाम संपल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर शेतकऱ्याचे पैसे अडकतात. ऊस नियंत्रण आदेश १४ दिवसांत पैसे द्या म्हणतो, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याचा तो निर्णय रद्द केला. मला हा निकाल योग्य वाटतो. मोजमाप बिनचूक करण्याची किंमत शेतकऱ्याने पैशाची वाट पाहून मोजायची, हा सौदा पुन्हा कुणी त्याच्यासमोर ठेवू नये. साखरेवरचा भाव आला तरी १४ दिवसांतली एफआरपी आजच्यासारखीच राहावी. प्रतीचा हिशेब तिच्या वरचा असावा, तिला कात्री लावणारा नसावा. असे झाले तर चोपण रानाच्या सभासदाला आज मिळते त्यात एक पैसाही कमी होणार नाही. आणि ज्याने मेहनतीने उतारा वाढवला, त्याला वरच्या वाट्यातून अधिक मिळेल. तो वरचा वाटा येणार कुठून, हा प्रश्न उरतो. माझे उत्तर असे की उतारा खरोखर वाढला तर साखरच जास्त निघेल, आणि उतारा वाढला नाही तर वाटण्याचा प्रश्नच येत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत ही रक्कम फार थोडी असेल, हे आधीच सांगून टाकावे.

सुरुवात मात्र पैशाने करू नये. आधी तोडीची तारीख आणि वेळ पावतीवर यावी. कोणत्या गटातला ऊस कधी तोडला आणि गव्हाणीत कधी पडला, हे दोन आकडे नोंदवायला पोलरीमीटर लागत नाही, चिटबॉयच्या हातातला मोबाइल पुरे. चोवीस तासांपुढे जो ऊस पडून राहिला, त्याच्या वाळलेल्या वजनाची भरपाई कारखान्याने आणि वाहतूकदाराने कशी वाटून घ्यायची, हे वाहतुकीच्या करारात लिहावे. बारामतीचे अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उसाची पक्वता ओळखण्याचे प्रयोग शेजारीच करत आहे. त्या माहितीवर तोडणीचा कार्यक्रम लावता आला तर ओळखीच्या जोरावर तारीख मिळवण्याला आपोआप आळा बसेल. पण तो कार्यक्रम गावच्या चावडीवर लागायला हवा, केवळ कार्यालयातल्या पडद्यावर नको.

मग नमुने. एका कारखान्याने एक गट निवडावा, शेळगाव-अंथुर्णे-लासुर्ण्यासारखा, ज्यात काळे रान आहे आणि चोपणही. दोन हंगाम प्रत्येक सभासदाच्या उसाचा पोल आणि एकूण शर्करा तोडीच्या दिवशी मोजावी, त्याच आठवड्याच्या सरासरीशी ताडावी आणि पावतीवर छापावी. भाव बदलू नये. नमुन्याचा दुसरा भाग सील करून ठेवावा आणि ज्याला शंका असेल त्याने तो मांजरीच्या वसंतदादा इन्स्टिट्यूटकडे तपासायला द्यावा, खर्च कारखान्याचा. तोडणी कामगारांच्या प्रतिनिधींना याच वेळी बोलवावे आणि स्वच्छ मोळीचा, खाली छाटलेल्या शेंड्याचा वेगळा दर काय असावा, हे त्यांच्याशी ठरवावे. दोन हंगामांनंतर सभासदांच्या हातात स्वतःच्या रानाचे आकडे असतील: कोणत्या वाणाने काय दिले, खारवट पट्ट्यात किती फरक पडतो, दिरंगाईत किती साखर गेली. साखरेवर भाव द्यायचा की नाही, हा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत तेव्हाच मांडावा. त्याआधी मांडला तर तो हाणून पाडला जाईल, आणि या सगळ्या शंका निरुत्तर असताना सभासदांनी तो हाणून पाडणेच बरोबर ठरेल.